चाफ्याच्या वाट्याचं पाणी

हमीदचाचा, आत्ताच तुमच्या झाडाला पाणी घालून आले. दोन गल्ल्या बादली धरून चालायचं म्हणजे काही मोठं काम नाही, पण खांदे भरून आलेत. बसून लिहिते आहे तर अक्षर तिरकं येतंय. तुम्ही असता तर म्हणाला असतात, आधी चहा पी, मग क्रांती कर.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. लोक मला सांगतात, चाचांवर काहीतरी लिही, तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखतं. काय लिहू? जन्म कधी, प्रेस कधी काढली, किती संघटनांची पत्रकं फुकटात छापली, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तुमच्याशी एक राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे. त्यात तुम्ही बोलणार नाही, म्हणजे मी जिंकणार असं वाटलं होतं. तसं काही होताना दिसत नाही.

मी सहा वर्षांची असताना बाबा मला पहिल्यांदा सिल्लोडहून तुमच्याकडे घेऊन आले. त्यांच्या शिक्षक संघटनेचं पत्रक छापायचं होतं. पुढच्या खोलीत ट्रेडल मशीन खडखडत होतं आणि मागच्या दारातून एक वास येत होता, शाईच्या वासावर चढून बसलेला. मी वासामागे गेले. अंगणात माझ्यापेक्षा जरा उंच झाड होतं, त्याला पिवळी फुलं. तुम्ही मागून येऊन म्हणालात, हा सोनचाफा, याला हात लावायचा तर आधी धुऊन ये, शाईचा हात त्याला चालत नाही. माझ्या हाताला शाई नव्हती. तुमच्याच होती. तुम्ही दोन्ही हात धुऊन आलात आणि मला एक फूल काढून दिलंत.

बाबांची सगळी पत्रकं मी तुमच्या प्रेसमध्ये घडी घालत घालत वाचायला शिकले. शाळेतल्या पुस्तकाआधी मला ‘निषेध’ हा शब्द वाचता येत होता. तुम्ही फुलं गठ्ठ्यांमध्ये ठेवायचात, म्हणून आमची पत्रकं कायम चाफ्याच्या वासाची. बाबांचे एक सहकारी वैतागून म्हणाले होते की चाचा, मोर्चाचं पत्रक आहे, लग्नाची पत्रिका नाही. तुम्ही म्हणालात, माणसं आधी नाकाला लावतील, मग वाचतील. वाचतील तर खरं.

आणि झाडाखाली जी रद्दी घालायचात ती. छापताना बिघडलेले कागद फाडून, भिजवून बुंध्याभोवती पसरायचे, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते. पण त्याआधी तुम्ही एकेक कागद तपासायचात. ज्याच्यावर श्रीगणेशाय नमः असेल तो बाजूला, ज्याच्यावर ७८६ असेल तो बाजूला. कुठल्याही धर्मातलं देवाचं नाव पायदळी जायला नको. लग्नपत्रिका, उरुसाचे कागद, सप्ताहाचे कागद, सगळे वेगळ्या पोत्यात. उरायची ती आमची पत्रकं. तुम्ही हसून म्हणायचात, तुम्हा लोकांच्या कागदात देव नसतो, म्हणून माझ्या झाडाला तेच चालतात. वीस वर्षांच्या सगळ्या चळवळी त्या बुंध्याशी कुजल्या. मी हे सांगून कितीतरी बैठकांमध्ये हशा मिळवला आहे.

सतराव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहून आणलं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि पेन्सिलीने अकरा उद्गारचिन्हं खोडलीत. मी चिडले. तुम्ही म्हणालात, ‘बेटा, पूर्वी एका पेटीत उद्गारचिन्हाचे खिळे मोजके यायचे. त्यामुळे लोक विचार करून ओरडायचे.’ मी म्हटलं, आता कॉम्प्युटरवर कितीही मिळतात. तुम्ही म्हणालात, तेच तर झालंय.

पत्त्यात शहराचं नाव कोणतं टाकायचं यावरून गिऱ्हाईकं तुमच्या टेबलाशी भांडायची, तेव्हाही तुम्ही तसेच. जो जे लिहून आणेल ते छापायचात आणि म्हणायचात, पिनकोड तोच आहे, पत्र पोचेल. मला हे पळपुटेपण वाटायचं. मी तोंडावर म्हटलंही होतं. ‘चाचा, तुम्ही कोणाचीच बाजू घेत नाही.’ तुम्ही मशीनला तेल देत होता. म्हणालात, हौ, मैं तो छापता हूँ बस. ते वाक्य मी खरं मानलं, हीच माझी चूक. तुम्ही पत्रकं नुसती छापत नव्हता.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो ना? नळ नवव्या-दहाव्या दिवशी यायचा. जायकवाडीत पाणी, आणि डोंगराकडच्या वस्त्यांमध्ये बायका टँकरमागे धावतात. मी त्या वस्त्यांमध्ये महिनाभर हिंडत होते. एका बाईने मला सांगितलं की आमच्या पलीकडच्या कॉलनीत लॉनवर फवारा चालतो, त्याचा आवाज आम्हाला रात्रभर ऐकू येतो. ते ऐकून मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. अजूनही म्हणते, ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक आहे. ‘नळाचं पाणी माणसाच्या घशासाठी आहे. ते ज्याच्या बागेत जातं, त्याने शेजारच्या वस्तीतला रिकामा हंडा एकदा बघून यावा.’ आणि खाली मागणी, की ज्याला झाडं लावायची हौस आहे त्याने बोअरच्या पाण्यावर लावावीत.

तुम्ही ते दोनदा वाचलंत. मग विचारलंत, ‘झाड मतलब, सब झाड?’

मी म्हटलं, सगळी. एक अपवाद ठेवला की बंगलेवाले त्यातूनच निसटतात.

आज कबूल करते. त्या क्षणी मला मागच्या अंगणातला चाफा आठवला होता. त्याला नळाचं पाणी जातं, हे मला ठाऊक होतं. आठवला, म्हणूनच मी जरा जास्त जोरात बोलले. वाटलं, चाचांनी आता काहीतरी म्हणावं, मग मी उत्तर देईन, आणि वाद होईल. तुम्ही तीन उद्गारचिन्हं खोडलीत आणि म्हणालात, ठीक है, छाप देते. संध्याकाळी गठ्ठा तयार होता. त्यात फूल नव्हतं. मला वाटलं, फुलांचा हंगाम नसेल.

त्या दिवसापासून तुम्ही चाफ्याला नळाचं पाणी बंद केलंत. बोअरचं सुरू केलंत. आपल्या भागातलं बोअर म्हणजे चुन्याचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. पावसाळा संपताना चाफ्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग ती पानं कडेनं करपली. मी तुमच्याआधी धावले. नर्सरीवाल्याकडे पान घेऊन गेले. त्याने सांगितलं, जमिनीत चुना वाढलाय, झाडाला लोह घेता येत नाही, हिराकस द्या, पालापाचोळा घाला, आणि जमलं तर गोड पाणी. मी हिराकस घेऊन आले. ताक घातलं. गोड पाण्याचं मी तुम्हाला सांगितलंच नाही. वाटलं, ते सांगणं म्हणजे माझ्याच पत्रकातून मागे हटणं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाफा सावरला. फुलंही आली, थोडी. आणि मी काय केलं, चाचा? मी तुमच्या झाडाचा दाखला करून टाकला. सभेत सांगायला लागले की पेठेत एक सोनचाफा बोअरच्या पाण्यावर फुलतोय, मग तुमच्या लॉनला काय धाड भरलीय? टाळ्या पडायच्या. त्यातल्या एका सभेला तुम्ही मागच्या खुर्चीत बसला होता. मान खाजवत होता. सभा संपल्यावर मी तुमच्याजवळ येऊन म्हटलं, काय चाचा, डोक्याला तेल लावत नाही का, केस तारेसारखे उभे राहिलेत. तुम्ही म्हणालात, ‘बोअर का पानी है बेटा, साबण रुसतो.’ मी हसले. सगळे हसले. भाषण अच्छा था, असं म्हणून तुम्ही रिक्षात बसलात.

तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? या प्रश्नावर मी तीन आठवडे तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही मला भर सभेत खोटं बोलू दिलंत. मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण तुम्हाला होतं.

मला कळलं ते तुमच्या गुसलच्या, शेवटच्या आंघोळीच्या दिवशी.

सकाळी तुमचा इरफान पुण्याहून पोचला. अंगणात चादरी बांधून आडोसा केला, चाफ्याच्या पलीकडे, भिंतीशी. आम्ही बायका पुढच्या खोलीत, मशीनच्या भोवती दाटीने बसलो होतो. मी नसीमचाचींच्या शेजारी, दाराजवळ. चुलीवर बोरीचा पाला घालून पाणी तापवायचं होतं आणि घरात नळाचं पाणी संपलेलं. नळ यायला अजून दोन दिवस होते. शेजारचे सलीमभाई म्हणाले, बोअरचं घेऊ, पाकच आहे, काय बिघडतं. इरफाननं मोटर सुरू करायला हात पुढे केला.

चाची बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘बोअर का नक्को. दो साल से वोइच पानी से नहा रहे थे. आखरी बार तो मीठे पानी से नहलाव.’

इरफान म्हणाला, अम्मी, मीठा पानी है कहाँ?

‘कोने में नीला ड्रम है ना. वो लेव.’

‘वो किसका है?’

‘झाड का,’ चाची म्हणाल्या.

मी दारातून पाहिलं. कोपऱ्यात छोटा निळा ड्रम, तोंडाला तुमचा जुना रुमाल बांधलेला. तो ड्रम मी शंभर वेळा पाहिला असेन. त्यात मशीन धुवायचं रॉकेल असेल असं मला वाटायचं. सलीमभाईंनी रुमाल सोडला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, भरलाय.

पुढचं चाचींनी मला नंतर सांगितलं, तुम्हाला घेऊन सगळे पुरुष गेल्यावर. बाबा कब्रस्तानात गेले होते, तुम्हाला मिट्टी द्यायला. मला जाता येत नव्हतं, आणि त्या दिवशी त्यावर वाद घालायचं बळही नव्हतं. आम्ही दोघी अंगणाच्या पायरीवर बसलो. चाची म्हणाल्या, पत्रक छापून झालं त्या दिवशी तुम्ही घरात सांगितलंत की झाडाला नळाचं पाणी बंद. चाची म्हणाल्या, मग मरेल ते. तुम्ही म्हणालात, मी जे छापलं ते माझ्या घराला लागू नाही का? मग पानं करपायला लागल्यावर तुम्ही दोन रात्री झोपला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला वाट सापडली. नळाच्या पाण्यातला माणसाचा हक्क तर पत्रकातही मान्य आहे. तर तुमच्या आंघोळीची बादली, ती तुमची. तुम्ही बोअरच्या पाण्याने आंघोळ करायला लागलात, आणि तुमच्या वाट्याचं गोड पाणी त्या ड्रममध्ये साठवायला लागलात. त्यातून लोटा भरून घ्यायचा, चाफ्याच्या आळ्याशी स्टूल टाकून बसायचं, आणि तिथंच नमाजाआधीची वजू करायची. दिवसातून पाच वेळा. हात, तोंड, पाय धुतलेलं पाणी आळ्यात. उरलेला लोटाही आळ्यात.

‘पहले तो चुटकी में वजू होती थी इनकी,’ चाची म्हणाल्या. ‘फिर इतनी देर लगाने लगे कि मैं बोली, बुढ्ढे की इबादत बढ़ गई.’ आणि त्या हसल्या, चाचा. तुमच्या मयताच्या दिवशी त्या खरोखर हसल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्ही ‘सब झाड?’ असं विचारलं होतंत ते, मी काय म्हटलं ते, आणि मला चाफा आठवला होता तेही. हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. वाटलं, त्या म्हणतील जाऊ दे. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला नाही. म्हणाल्या, तुम्ही मला कधी चूक म्हटलं नाहीत. पत्रक बरोबर आहे असंच म्हणायचात, शेवटपर्यंत. ‘बस एक बात बोलते थे. लिखने वाली को पूछना चाहिए था, छापने वाले पे क्या गुजरेगी.’

तेवढंच. दोन वर्षांत माझ्याबद्दल तेवढी एकच तक्रार, आणि तीही माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीत.

मी तुमच्यावर रागावले आहे, हे लिहायलाच हवं. तुम्ही मला लहान समजलात. लहान मुलीला कशाला दुखवायचं म्हणून स्वतःची कातडी खरवडत राहिलात. माझ्याशी भांडला असतात तर आपण मिळून काहीतरी शोधलं असतं. वजूचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, तांदळाचं पाणी, आणि मी ते सगळं पत्रकात घातलं असतं. अधिक खरं पत्रक झालं असतं. पण मग आठवतं की मी तेव्हा कशी होते. मी तुमचं ऐकलं असतं का? मी म्हटलं असतं, चाचा, तुम्ही पण? तेवढं म्हटलं असतं की तुम्ही गप्प बसला असतात. तुम्ही मला माझ्यापेक्षा नीट वाचलं होतंत. तो राग असा फिरून माझ्याकडेच येतो आणि मी दमते.

आता दिवसाआड सकाळी मी जाते. माझ्या खोलीवर घरमालकाच्या नळाचं दोन बादल्या पाणी माझ्या वाट्याला येतं. एक प्यायला आणि स्वयंपाकाला ठेवते. दुसरी तुमच्याकडे. मी बोअरच्या पाण्याने आंघोळ करते. माझेही केस आता तारेसारखे झालेत. कातडी ताणते, पाठीला खाज सुटते. चार दिवसांत मला हे नको झालं, आणि तुम्ही दोन वर्षं केलंत, त्या वयात. मला वजू येत नाही आणि यायचं कारणही नाही. मी मगाने बुंध्याभोवती हळूहळू ओतते. वरून ओतलं तर पाणी वाहून जातं, आळ्याच्या कडेकडेने घालायचं, हे चाचींनी दाखवलं. रद्दी कुजून गेली आहे, नवी टाकायला पाहिजे. मशीन बंद आहे, त्यामुळे बिघडलेले कागद नाहीत. मी वाळलेली पानं गोळा करून पसरते.

झाड जगेल की नाही, ते मला सांगता येत नाही. खालच्या दोन फांद्यांवर पिवळेपणा परत आला आहे. नर्सरीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, पाऊस लागून गेल्याशिवाय कळणार नाही, मुळं काय म्हणतात ते. इरफान तेराव्या दिवशी पुण्याला गेला, जाताना त्याने मला विचारलं, तायडे, तुझ्याच्यानं होईल का हे कायम? मी हो म्हटलं. पूर्वी मी ‘हो’ फार सोपं म्हणायचे.

परवा दुसरी एक गोष्ट झाली, ती सांगते आणि थांबते. पाण्याचा मोर्चा ठरला आहे. आठवड्याला दोनदा नळ, सगळ्या वस्त्यांना सारखा, ही मागणी. पत्रक मी लिहिलं. छापायला दुसरीकडे जायचं, तर तुमच्या घरावरून पाय पुढे जाईना. आत गेले. चाची अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांची इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडणार नाहीत. तुम्हाला ठाऊकच आहे मला यावर काय वाटतं. बायकोनंच का कोंडून बसायचं, यावर माझं भाषण तयार आहे, आणि ते चुकीचं नाही. मी ते केलं नाही. मी म्हटलं, चाची, पत्रक वाचून दाखवू का? कोणावर काय गुजरेल ते सांगा.

त्यांनी लसणाचं सूप बाजूला ठेवलं. मी वाचत गेले. त्यांना छापील मराठी वाचता येत नाही, पण ऐकताना एक शब्द सुटत नाही. टँकरची ओळ ऐकून म्हणाल्या, टँकरवाला पण गरीबच असतो, मालकाचं लिही. मी बदललं. मग शेवटची ओळ वाचली, ‘प्रत्येक घरातून एक माणूस मोर्चाला आलाच पाहिजे.’

‘हमारे घर से कौन जाएगा?’ चाची म्हणाल्या.

मी पेन उचललं. म्हटलं, काढून टाकते ही ओळ. ज्यांच्या घरात कोणी नाही, ज्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांचं मी धरलंच नव्हतं. ‘जमेल त्या घरातून’ असं लिहिते.

चाचींनी मान हलवली. सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

‘जैसा लिखा है वैसाइच रहने दे,’ त्या म्हणाल्या. ‘हमारे घर से तू जा.’

चाचा, मोर्चा उद्या सकाळी आहे. मी माझ्या खोलीवरून निघणार नाही. आधी तुमच्याकडे जाईन, चाचींना सांगेन, आणि तुमच्या दारातून बाहेर पडेन.